तळ, पोट, गळा

"हा नळ नोहे, म्हाताऱ्याचं मूत हाये. एक थेंब पडते, मंग इच्यार करते, मंग दुसरा पडते."

पार्वताबाई हे कोणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. नळाच्या तोंडाशी उकिडव्या बसून त्या नळाखाली लावलेल्या पितळी गुंडीलाच सांगत होत्या. पण टोल्यातली, गावाच्या या खालच्या वस्तीतली, घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की इकडच्यानं कूस बदलली तर तिकडची खाट करकरावी. तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी ऐकलं, आणि ज्याच्या कानावर जायला नको होतं त्या टिकारामनंही ऐकलं. तो ओसरीत चपला घालत होता. एक चप्पल पायात सरकवून जरा थांबला, मग दुसरी सरकवली.

"आई, आयकतात ना ते," त्याची बायको भागीरथा चुलीपाशी हलक्या आवाजात म्हणाली.

"आयकू दे. नळवाल्याची माय आहो मी. मलेच पानी नाही, त मी नाही बोलू त कोन बोलन?"

टिकाराम कोपऱ्यातली चावी उचलून निघाला. चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. बेलखेडीत नळाचं पाणी याच चावीनं सुटायचं आणि याच चावीनं बंद व्हायचं. सकाळी पंचायतीच्या बोअरची मोटर चालू करायची, टाकीत चढेल तेवढं पाणी चढू द्यायचं, मग एकेका गल्लीच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चावी घालून ते सोडायचं. आधी वरची गल्ली, मग बाजारगल्ली, शेवटी टोला. योजना झाली तेव्हापासून क्रम हाच, आणि तेव्हापासून टिकारामचं नाव पंचायतीत 'कामचलाऊ' म्हणून. मानधन मिळालं तर मिळालं. त्याचा बाप भंडाऱ्याहून इकडे हिंदी मुलखात धरणाच्या कालव्यावर माती खणायला आला होता. कालवा दुसरीकडून गेला, बाप इथेच राहिला. पाण्यापाशी येऊन पाण्याविना राहायची या घराला सवयच होती म्हणायची.

गहू निघून मूग पेरले, की दरवर्षी नळ असा रडायला लागायचा. वरच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नळवाला आपल्या टोल्यासाठी पाणी राखून ठेवतो. टोल्यातली कलावती म्हणायची, टिकारामभाऊ वरच्या गल्लीला विकला गेला, त्यांच्या दारी चहा पिते ना. टिकाराम दोघींचंही ऐकून घ्यायचा. चहा तो खरंच प्यायचा. दाराबाहेर उभा राहून, कागदी कपातून.

गावाला कारण माहीत नव्हतं असं नाही. पंचायतीचं बोअर श्यामसुंदरभैयांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, होतं, आणि तिथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर भैयांचं स्वतःचं बोअर. ते जास्त खोल. मुगाला पाणी द्यायला भैयांचा पंप चालू झाला की पंचायतीची मोटर हवा ओढायची. एकाच ताटात दोघं जेवायला बसावेत आणि एकाचा हात मोठा असावा, तसं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. कारण सरपंच होत्या अंजनीबाई, पण 'सरपंचजी' अशी हाक मारली की ओ द्यायचे त्यांचे यजमान, म्हणजे हेच श्यामसुंदरभैया. टिकारामचं मानधन त्यांच्या हातात. आणि टिकाराम-भागीरथेनं या वर्षी मुगाचा जो तुकडा बटाईनं केला होता, तोही त्यांचाच. पाणी-बियाणं भैयांचं, अंगमेहनत यांची, माल अर्धा-अर्धा. त्या अर्ध्यातून घराच्या छपराची फुटकी कवेलू उतरवून पत्रे टाकायचे होते. मागच्या पावसाळ्यात पार्वताबाई खाट घेऊन घरभर फिरल्या होत्या. जिथे ठेवावी तिथे वरून धार.

शैलजा मॅडम आल्या त्या याच दिवसांत. जिल्ह्याच्या कचेरीतून, सरकारी जीपमधून. सुती साडी, पायात खेळायचे बूट. टोल्यात भागीरथेला सासूशी बोलताना ऐकलं आणि त्या चालता चालता थांबल्या.

"अगं, तुम्ही मराठी?"

"हो जी."

"मी गोरखपूरची. म्हणजे आपल्या जबलपूरच्या गोरखपूरची." आणि त्या ओसरीच्या कडेवर पदर झटकून बसल्याच. भागीरथेला पाणी विचारावं लागलं. गुंडी कलती करून तिनं पेला भरला, आणि मॅडमनी अर्धाच पिऊन बाकीचा पेला खाली न ओतता तिच्या हातात परत दिला. ही गोष्ट पार्वताबाईंनी पुढे बरेच दिवस सांगितली.

मॅडमचं काम वेगळंच होतं. नवा पाइप नाही, नवी टाकी नाही. त्यांनी पंचायत भवनात सगळ्यांना बसवून सांगितलं, की आहे त्याच पाण्यात, आहे त्याच माणसांकडून काम सुधारतं का ते पाहायचं. एकदम सगळं बदलायचं नाही. एकच छोटी गोष्ट बदलायची, काही दिवस तसं करून बघायचं, रोज मोजायचं. फरक पडला तर ठेवायचं, नाही पडला तर सोडून दुसरं करून बघायचं. भागीरथेला यात नवल वाटलं नाही. भाजीत मीठ असंच घालतात. नवल एवढंच, की यासाठी जीप लागते.

मोजायचं कसं, यावर मात्र खल झाला. मॅडमनी लिटर काढले, बाया गप्प बसल्या. मग मॅडमनी विचारलं, तुम्ही एकमेकींना कसं सांगता? तेव्हा कलावती हसून म्हणाली की आम्ही सांगतो, आज तळच भिजला, आज पोटापर्यंत आलं, आज गळ्याला लागलं. मॅडमना ते इतकं आवडलं, की त्यांनी लगेच भवनाच्या भिंतीवर एक मोठी गुंडी काढवली आणि बाजूला तक्ता आखला: तळ, पोट, गळा. प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या घरी एक गुंडी, नळ जाईपर्यंत ती कुठवर भरली ते रोज भिंतीवर मांडायचं. टोल्याचं शेवटचं घर टिकारामचं.

आणि बदलायचं काय, तर क्रम. आधी टोला, मग बाजारगल्ली, मग वरची गल्ली. उताराच्या टोकाला आधी पाणी पोचवलं तर पाइप भरलेला राहतो, वर चढवायला कमी लागतं, असं काहीसं मॅडमचं गणित होतं. चुकीचंही नव्हतं.

श्यामसुंदरभैया खुर्चीत रेलून ऐकत होते. "बिल्कुल कीजिए मैडम," ते म्हणाले. "गांव का भला हो तो हम कौन होते हैं रोकने वाले." ज्यात आपलं काही जात नाही अशा प्रयोगाला माणूस मोकळ्या मनानं हो म्हणतो. जाता जाता मॅडमनी त्यांच्यासमोरच टिकारामला सांगितलं, की हे नीट जमलं तर त्याचं नाव योजनेत कायम करायला त्या स्वतः लिहितील. कामचलाऊ नाही, कायम. टिकाराम त्या दिवशी घरी आला आणि चावी राखेनं घासत बसला.

पहिल्या दिवशी टोल्यात पोटापर्यंत पाणी आलं. वरच्या गल्लीत तळही भिजला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी भागीरथा शेतावर निघाली तेव्हा वरच्या गल्लीच्या खड्ड्यापाशी गर्दी होती. मास्तरांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि टिकाराम नालीत गुडघाभर उतरून हातानं गाळ चाचपत होता. तिनं त्याची चावी उचलून नालीत टाकली होती.

"ढूंढ लो, ढूंढ लो," ती म्हणत होती, रागानं नाही, अगदी गमतीनं. "पानी तो छुपाना आता है तुमको, लोहा ढूंढना भी सीख लो."

दोघीचौघी हसल्या. टिकारामला चावी सापडली. ती धुवायला पाणी मागावं कोणाकडे? त्यानं ती पायजम्याला पुसली. मान वर केली तेव्हा त्याला भागीरथा दिसली, आणि भागीरथेनं चटकन खाली पाहिलं, जणू पायात काटा मोडला होता. नवऱ्याचा अपमान पाहण्यापेक्षा, आपण पाहिला हे त्याला कळणं वाईट. हे तिला सासरी आल्यावर कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं होतं.

शेतात मात्र पाणीच पाणी. शेतीची लाइन, म्हणजे वीज, सकाळची असायची. लाइन आली की भैयांचा पंप घुमायला लागायचा, काळ्या पाइपांच्या सांध्यांतून चिळकांड्या उडायच्या आणि फवारे टकटकत फिरायला लागायचे. भागीरथेचं काम पाइप सरकवायचं. एक पट्टा भिजला की सांधे सोडायचे, पाइप खांद्यावर घ्यायचा, पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचा. खांद्यावर घेताना पाइपातलं उरलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. बाहेर ऊन असं, की कवेलूवर पापड भाजावा, आणि तिच्या पाठीत थंडगार धार. तिला ते सुख वाटायचं आणि त्या सुखाची लाजही वाटायची. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. मूग हिरवेगार, फुलावर आलेले, काही शेंगा धरू लागलेल्या. दुपारी परतताना पंपावरून एक गुंडी भरून न्यायची मुभा भैयांनी तिला दिली होती. "ले जाओ, ले जाओ, घर की बात है." डोक्यावर ती गुंडी घेऊन टोल्यात शिरताना भागीरथा कोणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. पदर ओढून भरभर चालायची, पाणी हिंदकळून कपाळावर यायचं.

"तुह्या घरी त दोन-दोन नळ हायेत वो," कलावती दारातून म्हणायची. "एक नवऱ्याचा अन् एक भैयाचा."

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी धुऱ्यावरच्या डीपीत, शेतीच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, मोठा आवाज झाला. कावळे उडाले, काळा धूर निघाला, तेल गळलं आणि फवारे फिरता फिरता मान टाकल्यासारखे थांबले. भैयांचा पंप गप्प झाला. पंचायतीच्या मोटरची लाइन गावातून वेगळी यायची, ती चालूच होती. भागीरथा खांद्यावर पाइप घेऊन तशीच उभी राहिली. इतकी शांतता झाली, की मुगातल्या माश्या ऐकू येऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी टोल्यात नळाला धार आली. धार म्हणजे खरी धार. पार्वताबाईंची गुंडी थरथरली आणि त्या दचकून मागे सरकल्या. गळ्याला लागून पाणी बाहेर सांडलं. त्यांनी दुसरी गुंडी लावली, मग बादली, मग परात, मग घरात लोटा सापडेना म्हणून तवा. मग नळाखाली स्वतःच बसल्या, लुगड्यासकट, आणि डोळे मिटून घेतले. बाजारगल्लीत गळा. वरच्या गल्लीतही गळा. मास्तरांच्या बायकोनं टिकारामला बशीतून चहा दिला. अजून दाराबाहेरच, पण बशीतून.

भवनाच्या भिंतीवरची रेघ तळातून उठली आणि चढत गेली. मॅडम आल्या, भिंत पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पाहणाऱ्याला बरं वाटावं. त्यांनी टिकारामला तक्त्याशेजारी चावी घेऊन उभं केलं, फोटो काढला. भोपाळला दाखवायचा म्हणाल्या. त्यांनी बायांनाही विचारलं, क्रम बदलल्याचा फरक पडला ना? बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या उन्हात आलेली बाई, पेल्यातलं पाणी न सांडणारी. तिला कोण म्हणेल की डीपी जळाली म्हणून? "पडा, पडा," सगळ्या म्हणाल्या. "बहुत फरक पडा." पाहुण्याच्या पानातली भाजी खारट झाली तरी तो छान म्हणतो, इथे उलटं, यजमानच पाहुण्याला छान छान म्हणत होते. भैया तर सर्वांत पुढे. "मैडम का आइडिया है भाई," म्हणाले, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

शेतात मात्र मूग माना टाकू लागले. आधी पानांच्या कडा वळल्या, मग फुलं गळायला लागली. भागीरथा रोज जाऊन बघायची. करण्यासारखं काही नव्हतं, तरी जायची, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. बोटानं माती उकरायची, खालीही कोरडं. सकाळी नळावर तिला वाटायचं, डीपी येऊच नये. दुपारी शेतात वाटायचं, आजच्या आज यावी. एकाच तोंडानं दोन नवस बोलावेत तसं तिचं चाललं होतं.

घरात टिकारामनं एकदाच विषय काढला, जेवता जेवता, ताटाकडे बघत. मॅडमला सांगावं काय, म्हणाला. ती बाई भोपाळला खोटं दाखवून राहिली, तिले का मालूम?

"काई सांगाचं नाही," भागीरथा म्हणाली. "मूग घरात येऊ द्या आधी. पत्रे टाकू द्या. तुमचं नाव कायम होऊ द्या. मंग सांगा, कोनाले सांगाचं त."

"अन् डीपी आली मंग?"

भागीरथेनं त्याच्या ताटात भाकर वाढली. तो आणखी काही विचारणार होता, पण पार्वताबाईंनी मधेच ठसका दिला, आणि तो बराच वेळ चालला.

डीपी आली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ती उतरवायला माणसं लागली, तेव्हा भैयांनी टिकारामलाही निरोप पाठवला. तो गेला. न जाऊन काय करणार. त्याचाही मूग वाळत होता. दोरखंड बांधून, ओंडक्यांवरून सरकवत सात-आठ जणांनी ती खांबापाशी नेली. सगळ्यांत पुढे दोरीला टिकाराम, तळवे सोलून निघालेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. ज्या यंत्रानं आपला नळ आटणार ते आपणच ओढून जागेवर नेत आहोत हे त्याला कळत होतं. सोबतच्यांनाही कळत होतं. "जोर लगा के," एक जण ओरडायचा, आणि बाकीचे खाली बघून जोर लावायचे.

फवारे परत फिरू लागले. भागीरथा परत पाइप उचलू लागली. मुगानं रात्रीतून मान वर केली. असलं लहान झाड, पण त्याला राग धरता येत नाही. आणि भिंतीवरची रेघ गळ्यावरून पोटावर आली, पोटावरून तळाला.

आता मात्र गावाला जीभ फुटली. मॅडमचा क्रम चांगला, मॅडमचा तक्ता चांगला. मग बिघडलं कोण? नळवाला. फोटो निघाला म्हणून माजला. उशिरा उठते. टोल्यात जास्त सोडून चावी फिरवते. टोल्यातले उलट म्हणत, वरच्या गल्लीत चहा बशीतून मिळायला लागला ना. कोणी खोटं बोलत होतं असंही नाही. खरं जिथे होतं तिकडे बोट दाखवता येत नाही, तेव्हा माणूस जवळच्याकडे दाखवतो, एवढंच. एका सकाळी टिकाराम खड्ड्यात वाकला असताना वरून कोणी तरी त्याच्या पाठीवर खरकटं पाणी टाकलं. लांबून ते पाहतानाही भागीरथेच्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढं पाणी यांच्याकडे उरलं कुठून.

भैयांनी त्याला शेतावर बोलावून समजावलं, अगदी मायेनं, खांद्यावर हात ठेवून. भागीरथा तिथेच सांधे जोडत होती. मॅडम येणार आहेत, चौकशी होईल. सरळ म्हणायचं की माझ्याकडून ढिलाई झाली. विषय संपेल. "तुम्हारा कुछ नहीं बिगड़ेगा, हम बैठे हैं ना." टिकारामनं मान हलवली. मग भैया भागीरथेकडे वळून म्हणाले की मूग यंदा चांगला उतरेल, पुढच्या वर्षीही हाच तुकडा तुम्हीच करा. भागीरथेनंही मान हलवली. फवारा फिरत आला आणि तिघांनाही भिजवून गेला.

मॅडम आल्या तो दिवस असा तापला होता, की भवनाच्या ओसरीतली फरशी चपलेतून लागत होती. पंखा होता, लाइन नव्हती. भैया खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत, आज बैठक कागदोपत्री घ्यायची म्हणून, अंजनीबाई, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर. बाया एका बाजूला फरशीवर. भागीरथा शेतातून तशीच आली, सर्वांत मागे खांबाला टेकून बसली. टिकाराम भिंतीपाशी उभा, चावी हातात. कोणी आणायला सांगितली नव्हती. पण ती नसती तर हातांचं काय करावं ते त्याला कळलं नसतं.

मॅडम चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी भिंतीपुढे उभं राहून रेघ दाखवली: इथून चढली, इथून पडली. क्रम तर शेवटपर्यंत तोच होता. म्हणजे चढली ती क्रमामुळे नाही, असंही असू शकेल. भोपाळला मी घाईनं सांगितलं, ती माझी चूक, त्या म्हणाल्या. आता मला एवढंच सांगा, या दिवसांत गावात आणखी काय बदललं होतं? कोणाला दोष द्यायचा नाही. फक्त काय बदललं?

एक म्हातारा म्हणाला की मधे अमावस्या होती. दुसऱ्यानं सांगितलं, लग्नं होती, लोक बाहेरगावी होते, पाणी कमी लागलं. मास्तरांची बायको म्हणाली की ऊन वाढलं, पाइपातलं पाणी सुकत असेल. कलावतीनं देवीचं नाव घेतलं. मॅडम प्रत्येकाचं लक्ष देऊन ऐकत होत्या, हेच जास्त अवघड होतं. एकाच खोलीत एवढी माणसं, आणि सगळे एका मोठ्या वस्तूला वळसा घालून चालत होते, अंगणात बैल बसला असावा तसे.

मॅडम टिकारामकडे वळल्या. "टिकारामजी, तुम्ही रोज तिथे असता. तुम्ही सांगा."

टिकारामनं ओठ ओले केले. "मेरी ढिलाई है, मैडम," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "देर से खोलता हूं. नींद नहीं खुलती."

पहाट व्हायच्या आत उठून बाहेर पडणारा माणूस. पार्वताबाई बायांच्या घोळक्यातून अर्धवट उठल्या, कोणीतरी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"जाने दीजिए मैडम," भैया म्हणाले. आवाजात साय होती. "गरीब आदमी है. दूसरा देख लेंगे. इसको हम खेत में लगा लेंगे, भूखा नहीं मरेगा." आणि ते टिकारामकडे पाहून हसले, लहान मुलाला माफ करावं तसे.

टिकारामही हसला. त्याच्या त्या हसण्याकडे भागीरथेला पाहवेना. तिनं मान खाली घातली आणि तिला स्वतःचे पाय दिसले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, घोट्यापाशी वाळून तडकलेला, बोटांच्या बेचक्यांत अजून ओला. बाजूला कलावतीचे पाय, भेगाळलेले, पांढरट धुळीचे. पलीकडे आणखी बायांचे, तसेच. एवढ्या पायांत ओले पाय तिचे एकटीचे होते. तिनं ते लुगड्याखाली ओढून घेतले. ओढून घेतले आणि तसेच धरून बसली, थोडा वेळ. मूग आता तोडायला आले होते. तोडणीपर्यंत गप्प बसायचं होतं, फार नाही.

मॅडमनी पेन बंद केलं. "ठीक आहे," त्या मराठीत पुटपुटल्या, स्वतःशीच, थकल्या आवाजात. "मग ऑपरेटर बदलून बघू."

भागीरथा खांबाला धरून उठली.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मॅडमना दोन पावलं पुढे यावं लागलं. "माणूस बदलून काई होनार नाही जी. डीपी जळली होती, तवा पानी आलं. भैयाचा पंप बंद होता."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि तिच्या पायांकडे.

"क्या बोली?" श्यामसुंदरभैया खुर्चीतून पुढे झुकले. मराठी त्यांना येत नव्हती. पण 'पंप' मराठीतही पंपच असतो. "क्या बोल रही है ये?"

"कुछ नहीं, भैया," टिकाराम घाईनं पुढे आला. चावी फरशीवर खणकन लागली. "घर की बात है. कुछ नहीं बोली."

अंजनीबाईंनी हनुवटीवरचा पदर थोडा वर केला. भागीरथेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनी नको म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिचेच शब्द होते, तिनंच भाकरीसोबत वाढलेले. तिनं लुगडं सोडलं. चिखलाचे पाय सगळ्यांना दिसले.

"पानी मूंग में जाता है," ती म्हणाली, आता हिंदीत, सगळ्यांना कळेल अशी. "भैयाजी के मूंग में. और हमारे."